शिडी कोणी धरली होती?

मित्रांनो, मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, काही हरकत नाही. मोडकी मात्र म्हणू नका! मी या चर्चमधली लाकडी शिडी आहे. माझ्या अंगावर पाय देऊन किती जण वर गेले याची गणती नाही, आणि तरीही मी ताठ उभी आहे. एवढी ऐट मला शोभतेच.

मला एका सुताराने घडवले. अस्सल सागवान, आणि पायऱ्या खाचेत अशा घट्ट बसवलेल्या की हलायचे नाव नाही. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला, मधल्या पायरीवर दोन उड्या मारून म्हणाला, "हिला काही होत नाही." तुम्हाला शाळेत प्रशस्तिपत्रक मिळते ना, तसे ते माझे प्रशस्तिपत्रक.

चर्चमध्ये माझ्यावाचून पान हलत नसे. उंच खिडक्या पुसायच्या, आणा शिडी. घंटेचा दोर अडकला, आणा शिडी. माझी देखभाल मामा करत. मामा म्हणजे इथले राखणदार. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून बहुधा सगळ्यांचे होते. दारे उघडायची, झाडलोट करायची, बाके पुसायची आणि मागच्या खोलीत राहायचे, एवढाच त्यांचा संसार. कुणी माझ्यावर चढले की ते पायथ्याशी उभे राहून मला दोन्ही हातांनी धरत. वरचा माणूस उतरेपर्यंत हात सोडायचा नाही, हा त्यांचा नियम.

एका वर्षी समोरच्या भिंतीला रंग द्यायचे ठरले. त्या भिंतीवर मोठा क्रूस आहे. कामाला दोघे रंगारी भाऊ आले. वडील लवकर वारल्यामुळे थोरल्यानेच धाकट्याला वाढवलेले. थोरला कामाला वाघ, तर धाकट्याचे लक्ष कामापेक्षा दाराबाहेर जास्त. त्या सकाळी थोरला वर चढला आणि भिंतीकडे तोंड करून, गुणगुणत, क्रूसाच्या वरची जागा रंगवू लागला. खाली मामा होते. इतक्यात पाळकसाहेबांनी मामांना आतून हाक मारली. मामांनी धाकट्याला माझ्यापाशी उभे केले. "मी येईपर्यंत सोडू नकोस हं," असे बजावून ते आत गेले. वरच्याला या अदलाबदलीचा पत्ताही नव्हता.

धाकट्याने मला धरले खरे, पण बाहेरून मित्राची शिटी ऐकू आली. "आलोच," असे पुटपुटत तो दाराकडे गेला. फरशी नुकतीच पुसलेली होती. माझे पाय सटकले. भिंतीला धरून राहावे म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, पण शिडीला हात कुठून असणार? थोरला खाली कोसळला आणि त्याचा पाय मोडला.

आवाज ऐकून मामा सर्वांत आधी धावत आले. लोक जमले तेव्हा माझ्याजवळ मामाच होते. धाकटा दारात पांढराफटक पडून उभा होता. चर्चच्या पंचांनी दरडावून विचारले, "शिडी कोणी धरली होती?"

धाकट्याने घाबरून थोरल्याकडे पाहिले. पुन्हा काम टाकून गेलास तर घरात पाय ठेवायचा नाही, असे थोरल्याने त्याला आधीच सुनावले होते. त्यात धाकट्याच्या बायकोला दिवस गेलेले. मामांनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "शिडीची जबाबदारी माझी होती."

यात खोटे काहीच नव्हते. लोकांनी मात्र हवा तो अर्थ काढला. "म्हाताऱ्याला डुलकी लागली असणार," कुणीतरी म्हणाले आणि तेच खरे ठरले. वेदनेने कळवळणारा थोरला मामांना नाही नाही ते बोलला. मामा त्याच्या पायाला आधार देत बसून राहिले. त्याच दिवशी त्यांच्या किल्ल्या काढून घेण्यात आल्या आणि खोली रिकामी करायला सांगण्यात आले.

मलाही लोकांनी सोडले नाही. अपशकुनी ठरवून मला अडगळीच्या खोलीत फेकले. अहो, माझी एक पायरीसुद्धा हलली नव्हती! मला बोलता येत असते तर मी एकेकाचे वाभाडे काढले असते.

मामा अडगळीत ठेवलेली आपली वळकटी घ्यायला आले, तेव्हा धाकटा त्यांच्या मागोमाग आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"मामा, मी खरं काय ते सांगून टाकतो."

"सांगशील. आज नको. आज दादाचा राग ताजा आहे, तुला घराबाहेर काढेल. पोटुशी बायको घेऊन कुठे जाशील?"

"आणि तुम्ही?"

"माझं काय, एकटा जीव. वळकटी उचलली की निघालो."

"पण माझ्यासाठी तुम्ही का सोसायचं?"

मामांनी वळकटीची गाठ आवळली. "माझ्या वाटचंही कुणीतरी सोसलंय, बाबा. इतकी वर्षं त्या क्रूसाखाली झाडू मारला. नुसता केरच काढला म्हणायचा का मग?"

मित्रांनो, माझा राग कुठल्या कुठे पळाला. अशा माणसाचे हात मला इतकी वर्षे लागले, या विचाराने त्या धुळीतही माझी छाती फुगली.

पुढे मामा दर रविवारी येत आणि शेवटच्या बाकावर बसत. त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. अडगळीचे दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळे दिसे. पाळकसाहेब उपदेश करत. प्रभू येशूने कुणाचे काही बिघडवले नव्हते, तरी त्याने मार खाल्ला, टोमणे ऐकले आणि दुसऱ्यांच्या पापांचे ओझे मुकाट्याने वाहिले. ऐकताना लोक डोळे पुसत. त्यांच्याच टोमण्यांचा धनी झालेला एक निरपराध माणूस त्यांच्या पाठीमागे बसलेला आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

तोवर धाकट्याला मुलगी झाली होती. एका रविवारी उपदेश अर्ध्यावर असताना त्याने तान्हुलीला बायकोच्या मांडीवर दिले आणि तो उठून उभा राहिला.

"शिडी मी धरली होती," तो म्हणाला. "मामांनी मला सोडू नको म्हणून सांगितलं होतं. मी सोडून बाहेर गेलो. दादा, तुझा पाय माझ्यामुळे गेला."

मागून मामांचा आवाज आला, "बस रे खाली. उपासना चालू आहे."

थोरला काठी टेकत उठला. भावाकडे न पाहता तो त्याच्या पुढून सरळ शेवटच्या बाकापाशी गेला. "मामा, सरकता का जरा?" एवढेच तो बोलू शकला. मग मामांचा हात हातात घेऊन तो लहान पोरासारखा रडला. पंचांनी त्याच दिवशी किल्ल्या परत केल्या आणि माफीही मागितली.

भावाशी मात्र थोरला बोलेना. एका छताखाली राहून दोघांत अबोला. मामांनी त्याला एका शब्दानेही घाई केली नाही. रंगाच्या एका हातात भिंत पुरी होत नाही, हे रंगाऱ्याला काय सांगायचे!

बरेच दिवस गेले. एका सकाळी थोरला अडगळीत आला आणि त्याने मला बाहेर काढून क्रूसाशेजारी उभे केले. भिंतीचे काम त्या दिवसापासून अर्धवटच होते. सवयीप्रमाणे मामा मला धरायला पुढे झाले.

"तुम्ही बसा, मामा," थोरला म्हणाला. मग दारात उभ्या असलेल्या भावाकडे वळला. "ये इकडे. धर."

मामा धरत तसे धाकट्याने मला दोन्ही हातांनी धरले. थोरला अधू पाय ओढत वर चढला. रंगाचा एक ओघळ धाकट्याच्या कपाळावर पडून डोळ्यात उतरला. डोळा चुरचुरत होता, तरी त्याने पुसायला हात उचलला नाही. शेवटी मामा उठले आणि आपल्या रुमालाने त्यांनी त्याचा चेहरा पुसला.

मित्रांनो, आजही मी इथे उभी आहे, आणि माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. कुणाचा हात एकदा सुटला, म्हणून त्याला माझ्यासारखे अडगळीत टाकू नका. त्याला पुन्हा शिडी धरायला द्या. त्या दिवशी भिंत पुरी होईपर्यंत, भावाचा हात सुटला का म्हणून थोरल्याने एकदाही खाली वाकून पाहिले नाही.