सगळ्यांना हो

मी फोटोवाली. तीस वर्षं स्टुडिओ चालवते. माणसाला खुर्चीत बसवायचं, हनुवटी वर, खांदे सरळ, चष्म्यावर चमक आली की ती काढायची. वाकडं चित्र दिसलं की माझं डोकं फिरतं. दवाखान्यात गेले तरी आधी भिंतीवरची चौकट सरळ करते, मग नंबर लावते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी जे केलं ते का केलं हे तरी कळेल. माफी मागायला तोंड नाही मला.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पिक्चरचं वेड. दोन हार्ड डिस्क, एक काळी, एक निळी. निळी म्हणजे काळीची हुबेहूब नक्कल, एक बिघडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. सहाशेच्या वर पिक्चर. प्रत्येकाचा वेगळा फोल्डर, त्यात पिक्चर आणि 'कव्हर' नावाचं एक चित्र. टीव्ही लावला की ती चित्रं ओळीने दिसायची, हवं त्यावर जाऊन बटण दाबायचं.

कव्हरं हे वहिनीचं खातं. छापील पोस्टरं तिला चालायचीच नाहीत. "पोस्टरवर सगळे बंदुका रोखून उभे, आणि बघायला बसावं तर बिचारे पिक्चरभर पत्रं लिहितायत. कुणाला फसवता?" म्हणायची. मग दोघं पिक्चर बघत असली की आवडीच्या जागी ती "थांबव!" म्हणून ओरडायची, खुर्चीतून न उठता मोबाइल उचलून टीव्हीचा फोटो काढायची, आणि सकाळी दादा तो कव्हर म्हणून लावायचा. बारा वर्षं हा उद्योग चालला. फोटो तरी कसले! वाकडे, अंधारे, कडेला टीव्हीची चौकट आलेली, आणि प्रत्येकात खाली उजवीकडे कसला तरी पांढुरका डाग.

"अगं वहिनी, माझ्याकडे दे, मी नीट करून देते," असं शंभरदा तरी म्हटलं असेन.

"तू तुझी गिऱ्हाइकं सरळ कर जा," म्हणायची. स्वतः मात्र माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. कॅमेरा दिसला की हिला स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात असल्याचं आठवायचं. फोटोवाल्या नणंदेच्या घरात वहिनीचा एक धड फोटो नाही. कुणाला सांगायची सोय नाही.

चौदा महिन्यांपूर्वी वहिनी गेली. त्यानंतर पाचच महिन्यांनी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचणं गेलं, बोलणं जवळजवळ सगळंच गेलं. आतलं आणखी काय काय पुसलं गेलं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. वहिनी गेली हे त्याला आठवतंय का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी बाडबिस्तरा उचलून त्याच्याकडे राहायला आले. तो दिवसभर गप्प असायचा. चार वाजले की डाव्या हातात रिमोट घ्यायचा आणि चित्रांच्या ओळीवरून हळूहळू जायचा. एकेका चित्रावर पाच-पाच मिनिटं थांबायचा. पिक्चर लावला नाही तरी चालायचं त्याला.

मला वाटलं, बिचाऱ्याला चित्रं ओळखू येत नाहीत. डॉक्टर म्हणालेच होते, "नाव वाचता येणार नाही, चित्रावरून ओळखतील." आणि चित्रं ही असली! झालं, माझ्या अंगात आलं. एका दुपारी तो झोपलेला असताना मी डिस्क कॉम्प्युटरला जोडली. एक प्रोग्रॅम मिळतो, तो प्रत्येक पिक्चरचं खरं पोस्टर शोधून आणतो आणि फोल्डरमध्ये ठेवतो. त्याने विचारलं, "जुन्या चित्राच्या जागी नवीन ठेवायचं? हो, नाही, सगळ्यांना हो." मी 'सगळ्यांना हो' दाबलं. अर्ध्या तासात सहाशे पोस्टरं, लख्ख, सरळ, एका मापाची. मग तीच गोष्ट निळ्या डिस्कवर. अर्धवट काम मला जमत नाही ना!

चार वाजता मी मोठ्या ऐटीत टीव्ही लावला. "बघ दादा, आता कसं झकास दिसतंय."

तो एका चित्रावर गेला. दुसऱ्यावर. मग भराभर पुढे, आणखी पुढे, ओळी संपेपर्यंत, आणि तसाच उलटा मागे. मग धडपडत उठला, टीव्हीपाशी गेला आणि काचेवर, एका चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. माझ्याकडे बघून पुन्हा बोट ठेवलं.

मी काय केलं? फडकं आणून तिथली धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी त्याने रिमोटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवण तसंच ठेवलं. "अरे, सहाशे कव्हरं बदलली, कौतुक तर सोडच, वर तूच फुगून बसलास!" म्हणून मी तणतणले. वाट्टेल ते बोलले त्याला.

आठवड्याने स्टुडिओत मोबाइल चाळताना एक फोटो सापडला. काम सुरू करण्याआधी मी जुन्या कव्हरांच्या ओळींचा फोटो काढून ठेवला होता, 'आधी' आणि 'नंतर' दाखवायला. धंद्याची सवय. बघितलं तर त्यात आलेल्या बाराही चित्रांत डाग एकाच जागी. असं कसं? मी एक डाग मोठा केला, उजेड वाढवला. उचललेलं कोपर. मागे दिवा. डोक्यावर अंबाडा. टीव्हीच्या काचेत वहिनी दिसत होती, खुर्चीत बसून मोबाइल धरलेली. आणखी मोठं करायला गेले की नुसते ठिपके. चेहरा नाहीच.

सहाशे चित्रांत ती होती. दादा पिक्चर निवडतच नव्हता.

डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावले. जुना, जाणता माणूस. दोन दिवस खटपट करून म्हणाला, "ताई, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही त्याच नावाने वर दुसरं ठेवलंत. आणि दोन्हीकडे! एक तरी सोडायची होती." तिचा मोबाइल तर मीच साफ करून कुणाला तरी देऊन टाकला होता.

मग ठरवलं, निदान चित्रं तरी पुन्हा काढू. डाग नसला तर नसला, जागा तरी तिच्या आवडीच्या. मी दादाला सगळं सांगितलं, रडत रडतच. त्याला किती कळलं देव जाणे. एक पिक्चर लावला. पाऊण तासाने त्याने एकदम डावा हात वर केला. मी थांबवलं. खिडकीशी उभी एक बाई, बाकी अंधार. मी वहिनीच्या खुर्चीत बसले, कोन जमावा म्हणून थोडी खाली सरकले, फोटो काढला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "असंच होतं ना रे?"

त्याने बाईकडे बघितलंच नाही. अंगठ्याने चित्र सरकवत उजव्या कोपऱ्यात आला. तिथे होते मी. उचललेलं कोपर, मागे दिवा, कापलेले केस. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग मान वर करून खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गेली?" तो म्हणाला. झटक्यानंतरचा पहिला स्पष्ट शब्द.

मी नुसती मान हलवली.

"कधी?"

"चौदा महिने झाले, दादा."

त्याने मोबाइल मांडीवर उपडा ठेवला आणि हुंदके देऊन रडायला लागला. वहिनी गेली तेव्हाही तो असाच रडला होता, पण ते सगळं झटक्याने पुसून नेलं होतं. त्याच्या लेखी ती घरातच होती, रोज चार वाजता आपल्या खुर्चीत दिसत होती. तिला त्या घरातून मी घालवलं. आमचं सगळ्यांचं रडून झालं होतं, आणि तो आता पहिल्यापासून रडत होता.