आत्यानं घेतलेली परीक्षा

वावाऊ बेटावरच्या इस्पितळात फुसी बावीस वर्षं रक्त तपासत होती. शेवटची चार वर्षं लॅबची प्रमुखही तीच, पण नावापुढे 'प्रभारी'. आता ती जागा कायमची भरायची निघाली आणि जाहिरातीत आलं, पदवी हवीच. फुसीकडे दोन वर्षांचं प्रशिक्षण होतं, पदवी नव्हती. तरी तिनं अर्ज ठोकला. दुसरा अर्ज आला तिच्या सख्ख्या भावाच्या मुलाचा, सेमिसीचा. पोरगा महिन्यापूर्वीच ऑकलंडहून पदवी घेऊन परतला होता.

कहर म्हणजे त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला फुसीलाच बसवलं. बेटावर त्यातलं दुसऱ्या कुणाला कळत होतं?

परीक्षेत सेमिसीनं रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा पाहिला आणि प्लेटलेट फार कमी आहेत असं लिहून मोकळा झाला. फुसीनं त्याच रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. प्लेटलेट भरपूर होत्या, पण नळीत त्यांच्या गुठळ्या झाल्यामुळे यंत्र फसलं होतं. तिनं 'नापास' लिहिलं आणि कागद इस्पितळाचा कारभार बघणाऱ्या कालोलाइनच्या टेबलावर ठेवला.

"प्रात्यक्षिकाला दहाच गुण गं," कालोलाइन म्हणाली. "पदवीला साठ. निवड त्याचीच होते."

"मग मला कशाला बसवलंस?"

"फॉर्मात रकाना आहे ना."

फुसीचं डोकं भणाणलं. दारात उभा सेमिसी खाली मान घालून म्हणाला, "आत्या, तुम्ही नको म्हणा, मी अर्ज मागे घेतो."

आणि त्यानं घेतलाच असता. बेटाच्या रीतीत बापाच्या बहिणीचा मान घरात सगळ्यांत वरचा; आत्याचा शब्द मोडायची त्याच्या बापाचीही टाप नव्हती.

"हा गेला तर जागा मला?" फुसीनं विचारलं.

"नाही. रिकामी राहील. पदवीवाल्याच्या सहीशिवाय रिपोर्ट चालणार नाहीत. सगळ्या नळ्या विमानानं राजधानीला."

"चार वर्षं माझ्या सहीवर चालले ते?"

"ते प्रभारी होतं," कालोलाइन पुटपुटली. तिचं तिलाही पटलेलं दिसत नव्हतं.

राग काढावा तरी कुणावर, फुसीला कळेना. विमान आठवड्यातून किती वेळा रद्द होतं, ते मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

"घे जागा," ती सेमिसीला म्हणाली.

"बरं आत्या. उद्यापासून मी काय करू?"

"मला कामं सांगायची."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला? मी?"

"सांगायचीच. माझा हुकूम आहे."

"मग उद्या आठला या," तो चाचरत म्हणाला, "आणि मला काचपट्टी वाचायला शिकवा. असं सांगू?"

"असंच," फुसी म्हणाली. खुर्ची आपली गेली की आपणच दिली, हे काही केल्या तिला उमगेना, आणि डोळे तर भरून आले होते.