बुडबुडेबाबांचा फुगा

सभागृहातल्या खुर्च्या कधीच भरल्या होत्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. बुडबुडेबाबांनी एका आजारी माणसाला बाटलीत फुंकर मारायला लावली, बाटलीच्या तोंडाला फुगा चढवला आणि गर्जना केली, "जागे व्हा, जिवंत जिवांनो! याच्या यकृतातलं विष खा!" हळूहळू फुगा टम्म फुगला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता बेकरीवाला.

पिटणारच. शरीराची राखण करणारी फौजच त्याच्या बायकोच्या यकृतावर उलटली होती. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या आणि जोडीला एक पूड: आतड्यातले चांगले जंतू आणि त्यांचं खाद्य, दोन्ही एकत्र. "पुडीचा अभ्यास अजून चालू आहे. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत," त्यांनी बजावलं होतं. पण गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, ती वैतागली. बाबा म्हणाले, "डॉक्टरही जंतूच देतात ना? माझे तर श्वास घेतात! गोळ्यांनी मरतील बिचारे." झालं! बेकरीवाल्याने स्वतःच गोळ्या बंद केल्या आणि बाबांच्या बाटलीतलं पाणी तिला रोज पाजू लागला.

महिन्याभरात तिचे डोळे पिवळे पडले. तो बाबांची बाटली घेऊन खाटेपाशी बसला. "आणखी एक घोट घे."

तिने बाटली नाकाशी नेली. "अहो, हा तर तुमच्या शर्टाचा वास."

त्याने बाटली परत घेऊ पाहिली, तिने सोडली नाही.

"कोमट पाणी, साखर आणि यीस्ट. खरं सांगा, तुम्हाला वास आला नव्हता?"

आला होता, पहिल्याच दिवशी. ज्या वायूने त्याच्या परातीतलं पीठ रोज फुगतं, त्यानेच फुगा फुगवला होता. पण बायको बरी व्हायला हवी होती, म्हणून त्याने स्वतःच्या नाकालाच खोटं पाडलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने तिला तडक इस्पितळात नेलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याची त्याला जास्तच लाज वाटली. झालेलं नुकसान किती भरून येईल, ते आताच सांगता येत नाही, म्हणाले.

पुढच्या सभेत तो थेट मंचावर चढला. पाणी, साखर, यीस्ट बाटलीत घातलं, फुगा लावला. फुंकर नाही, गर्जना नाही. फुगा तरीही फुगला. बाबांना अचानक मागचं दार आठवलं.

"अरे, तुझा तर हाच धंदा," पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली. "तुला कळलं नाही?"

"कळलं होतं, आजी." त्याची मान वर होईना. "तरी टाळ्या वाजवल्या. माझं बघून तुम्हीही वाजवल्या असतील. चमत्कार दिसला की आधी विचारा, हे होतं कसं? आणि ज्यांनी गोळ्या सोडल्यात, त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा. माझ्या बायकोला उशीर झाला, तो माझ्यामुळे."