नलूबाईंची वज्री आणि टीनाची बोटे

मित्रांनो, मी एक जुनी वज्री आहे. भंडाऱ्याच्या पितळेची, तळाला खरखरीत. टाचा घासणे एवढेच माझे शिक्षण. नलूबाई लग्न होऊन भिलाईला आल्या, तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेत होते. यजमान केवलराम तिथल्या पोलादाच्या प्लांटमधून काळेठिक्कर होऊन येत. मी घासले की आतून ओळखीचा माणूस निघे. भिलाईतल्या कोहका वस्तीतल्या त्या घरात माझे फार कौतुक होते.

त्यांची मुलगी टीना आयटीआयत फिटरचे काम शिकू लागली. बापाच्याच प्लांटात पाना हातात घेऊन शिरायचे, हे तिने ठरवून टाकले होते. त्याच सुमारास तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर जांभळट-राखाडी, खवल्यांचे चट्टे उठले.

"आंघोळ करून राहिली का नुसतं पानी दाखवून राहिली वं? मळ हाय हा!" नलूबाईंनी मला उचलले.

"आई, दुखते ना! मत घिसो!"

"उद्या पाव्हने पाह्यले येतीन, तवा कोपर कोन झाकन?"

खवले निघाले, रक्त आले, चट्टा आणखी पसरला. नलूबाईंनी जोर वाढवला.

शेजारच्या सुपेला वस्तीतल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिले. त्यांच्या पुस्तकात हा आजार गोऱ्या अंगावर लालभडक दिसे. टीना सावळी; तिने लाल व्हायचे नाकारले. "लाली नहीं है, दाद है," म्हणून त्यांनी गजकर्णाची ट्यूब दिली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते; ती चालू असेतो चट्टे दबत, थांबली की दुप्पट जोमाने उठत. अशी वर्षे गेली. सकाळी टीनाची बोटे सुजू लागली. "मोबाइल कमी पाह्य," हा उपचार केवलरामांनी केला.

पाना धरवेना, तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या त्वचेच्या डॉक्टर अनुजाताईंनी चट्ट्यांवरून हात फिरवला, नखे पाहिली, पेरे दाबली. इतक्या वर्षांत प्रथमच कोणा डॉक्टरने हात लावला होता.

"सोरायसिस आहे. सावळ्या त्वचेवर तो लाल दिसेलच असं नाही. घासल्यानं वाढलाय, सांध्यांत उतरलाय. औषधानं आटोक्यात येईल. पण ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत."

औषधाने चट्टे गेले. मागे काळे डाग राहिले. ते हळूहळू जातील, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी एका सकाळी नलूबाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला. टीनाने आपला वाकडा पंजा पुढे धरला.

"यायले पन घास ना आई. सीधी होतात का पाह्य."

नलूबाईंनी मला खाली ठेवले. तेव्हापासून मी माळ्यावर आहे.

मित्रांनो, जो घासून निघत नाही तो मळ नसतो. डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी हात न लावताच ट्यूब लिहिली, तर उठून दुसऱ्याकडे जा. बोटे वळतात तोवर जा.