म्वांसा आजोबा आणि शुक्रवारचं कुसकुस

मी हट्टी आहे, हे मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. फुटबॉलच्या आफ्रिका चषकाच्या महिन्यात तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या झोहोरने माळा रिकामा करून माली देशाचे चौघे पाहुणे ठेवले, म्हणून मीही वरची खोली घासूनपुसून लखलखीत केली. मला मिळाला एकच पाहुणा, झांबियाचे म्वांसा आजोबा, तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले. पण झोहोरचा जळफळाट झाला. आजोबांचा नातू झांबियाच्या संघात होता आणि शुक्रवारी पाच वाजता इथेच आयुष्यातला पहिला मोठा सामना खेळणार होता. तो डोळ्यांनी बघायला बिचारे या वयात पहिल्यांदा विमानात बसले होते.

शुक्रवारी नमाजनंतर आमच्याकडे कुसकुस असतं, वाफवलेल्या रव्याचं. एकच मोठी परात, मध्ये मटण, सगळे भोवती. पाहुण्यासमोरची बाजू रिकामी झाली की मी भरते, आणि पोट भरलं की पाहुण्याने थोडं ठेवून हात आखडता घ्यायचा. आजोबांनी समोरचं पार चाटूनपुसून संपवलं. मी भरलं. तेही संपवलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण झोहोरचे पाहुणे म्हणे दोन घास खाऊन उठतात.

आमचे हे, अब्देलहक, पूर्वी गाइड होते, त्यामुळे इंग्रजी फाडफाड. मी पाचव्यांदा वाढत होते तेव्हा ह्यांना दिसलं की आजोबा घामाने डबडबलेत आणि चोरून घड्याळाकडे बघतायत. खोदून विचारलं तेव्हा आजोबा बोलले. घरच्या बाईने वाढलेलं ताटात टाकणं म्हणजे तिचा अपमान, असं त्यांच्या आईने शिकवलेलं.

"बतूल, तू वाढणं थांबव, म्हणजे हे खाणं थांबवतील," हे म्हणाले.

साडेचार वाजून गेले होते. मी परात तशीच सोडून उठले.

गल्लीत गाडी येत नाही आणि आजोबांना दोन पावलं चालवेना. तेवढ्यात कातडी पोचवून परतणारा हमाल बुश्ता खेचर घेऊन दारावरून चालला होता. आम्ही तिघांनी मिळून आजोबांना वर चढवलं, गळ्यात त्यांच्या संघाचा हिरवा मफलर टाकला आणि निघालो. वरच्या खिडकीतल्या बाईला वाटलं, नवरदेवच चाललाय. तिने जीभ हलवून लग्नातली आरोळी ठोकली. झालं! कुणी डफ आणला, कुणी नवरदेवाला देतात तो दुधाचा पेला पुढे केला, सत्तरीचा नवरदेव म्हणून न्हाव्याने थट्टा केली. आजोबा ढेकर देत सगळ्यांना हात करत होते. मला हसूही आवरेना आणि रडूही. वेशीबाहेर मोटारी जागच्या जागी तुंबलेल्या, म्हणून वरात खेचरावरूनच पुढे निघाली. स्टेडियमपाशी पोचलो तेव्हा मागे चाळीसेक माणसं होती.

फाटकात आजोबांना उतरवतोय तोच आत गर्जना झाली. भोंग्यावरून नाव आलं. गोल नातवानेच मारला होता.

डफ बंद पडला. मी मटकन खालीच बसले. ह्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण मी कुसकुसात बुडवला होता. "मला माफ करा," मी म्हणत राहिले, आणि हे ते इंग्रजीत सांगत राहिले.

आजोबांनी मला हाताला धरून उठवलं. मग डफवाल्याकडे वळून त्यांनी टाळी वाजवली आणि तिथेच, फाटकात, ते भरलेलं पोट सावरत नाचायला लागले. आमची अख्खी गल्ली त्यांच्याभोवती नाचली. मीही नाचले, डोळे पुसत.

पहारेकरी वैतागला. म्हणाला, तिकीट असेल त्याने आत जा, आणि ही एवढी गर्दी कुणाची?

ह्यांनी प्रश्न आजोबांना सांगितला. आजोबांना धाप लागली होती. त्यांनी आम्हा सगळ्यांवरून बोट फिरवलं.

"ज्याने गोल मारला ना," ते म्हणाले, "त्याच्या घरची."