सुबाभळीचा आणखी एक उपयोग

उजनीच्या पाण्याकाठी महिपतीचं शेत आहे. त्याच्या बांधावर सुबाभूळ आहे, विहिरीवर सुबाभूळ आहे आणि त्याच्या तोंडात तर ती कायमच असते. पाहुणा चहाला बसला की महिपती सुरू होतो. दोन पावसाळ्यांत झाड घराच्या वर जातं, तोडलं की पुन्हा फुटतं. पाला शेळ्यांना, फांद्या चुलीला, सरळ वासे केळीला टेकू म्हणून. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे शेजारचं पीकही हिरवंगार.

"आता भाजी तेवढी करायची ऱ्हायलीय," बायको बजाबाई म्हणायची.

"कवळ्या शेंगा खात्यात की लोकं."

अशा माणसाकडे सिद्धनाथने आपली घोडी ठेवली.

सिद्धनाथ सांगोल्याकडचा मेंढपाळ. दर साली तो कळप घेऊन येतो आणि महिपतीच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवतो. लेंडीखत महिपतीला, धान्य सिद्धनाथला. यंदा त्याची बिऱ्हाड वाहणारी घोडी लंगडायला लागली. पाय बरा होईपर्यंत ती इथेच राहू दे, असं ठरलं.

"जत्रेला न्यायला येतो," सिद्धनाथ म्हणाला. "बिरोबाच्या पालखीम्होरं हीच चालती. हिची शेपटी बघायला लोकं थांबत्यात."

शेपटी खरंच जमिनीला टेकत होती.

मित्राची घोडी म्हणजे पाहुणी. महिपतीने तिला कडबा दाखवलासुद्धा नाही. सकाळी सुबाभूळ, दुपारी सुबाभूळ, संध्याकाळी निवडून काढलेले कोवळे शेंडे. पाय बरा झाला. मग एक दिवस खरारा करताना आयाळीचा झुपका हातात आला. पाठोपाठ शेपटी विरळ होऊ लागली. नजर लागली म्हणून महिपतीने मीठ-मिरच्या ओवाळल्या. खोबरेल चोळलं. शेवटी घोडीला अशक्तपणा आलाय असं त्याचं मत झालं आणि त्याने पाला दुप्पट केला.

मोहोळहून जनावरांची डॉक्टर आरोही आली तेव्हा शेपटीवर मोजके केस उरले होते.

"काय खाते ही?"

"अस्सल सुबाभूळ."

"आणि?"

"आनी कशाला?"

"काका, सुबाभळीत मिमोसिन नावाचा पदार्थ असतो. त्यानं केस मुळापासून सुटतात."

"माज्या शेळ्या रोज खात्यात. एकीला तरी टक्कल हाय का?"

"शेळी रवंथ करते. तिच्या पोटात ते मिमोसिन मोडणारे जिवाणू असतात. घोडी रवंथ करत नाही. पाला बंद करा, केस येतील."

"जत्रेपतूर?"

"छे. काही महिने जातील."

"शिकल्याली हाय, पन झाडाची म्हाईती न्हाय," ती गेल्यावर महिपती म्हणाला. मात्र त्या दिवशी त्याने घोडीपुढे कडबा टाकला.

"आवं, सिद्धनाथ भावजींना फोन करून सांगा," बजाबाई म्हणाली.

"काय सांगू? सुबाभळीनं केलं म्हनून? साऱ्या गावाला मीच लावाय लावलीय."

"नका सांगू. फुडच्या साली मेंढरं शेजारच्या रानात बसली की मग रडा."

जत्रेच्या आदल्या दिवशी सिद्धनाथ टेम्पो घेऊन आला. घोडीची शेपटी लांब, दाट, चकचकीत होती. तो मागे जाऊन उभा राहिला.

"लई काळी झाली की रं शेपटी."

"तेल लावतोय."

"आन् ह्यो लाल गोंडा?"

तेवढ्यात बजाबाई चहा घेऊन आली. तिने शेपटीकडे पाहिलं.

"माजं गंगावन!"

बहिणीच्या लेकीच्या लग्नात वेणीला लावायला घेतलेलं गंगावन ती सकाळपासून ट्रंकेत शोधत होती. तिने कप खाली ठेवले, गंगावन सोडलं, झटकलं आणि ते घेऊन आत गेली. बाहेर दोन पुरुष आणि एक उघडी शेपटी राहिली.

"महिपती, हे काय?"

"ह्या धरणाचं पानी..." महिपतीने सुरुवात केली. मग त्याचं लक्ष बांधाकडे गेलं. घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "सुबाभळीनं झालं. म्याच घातली. डाक्टरीनबाईनं सांगितलं तरी तुला कळवलं न्हाय."

सिद्धनाथ बाजेवर बसला. त्याने चहा संपवला.

"पाय तर बरा केलास," तो म्हणाला. "देव काय शेपटी बघतोय व्हय? झूल घालू." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पर खरंच, पाल्यानं केस आपसूक गळत्यात?"

"मुळासकट."

"कातर लावायची गरज न्हाय?"

महिपतीने मान वर केली.

"समदा कळप कातरायचा ऱ्हायलाय," सिद्धनाथ म्हणाला. "लोकर कोन घेत न्हाय, कातरायला कोन येत न्हाय. बोटं दुखून येत्यात. मेंढरांना ह्योच पाला घातला तर?"

महिपती ताठ बसला. कित्येक दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं नव्हतं. त्याने डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि प्रश्न खणखणीत आवाजात विचारला.

"काका," पलीकडून आवाज आला, "मेंढीसुद्धा रवंथच करते."

फोन बंद झाला. आतून बजाबाईचं हसणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात काही मोडल्याचा आवाज झाला. घोडी दावं ताणून बांधापर्यंत पोचली होती आणि तिने सुबाभळीची फांदी तोंडात धरली होती.

"ए, सोड! सोड ती!" महिपती धावत ओरडला. "इख हाय ते, इख!"

मग तो थबकला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी ऐकलं तर नाही ना, ते त्याने आधी पाहिलं.