गार पडणारा तांब्या

"गार पडला! तांब्या गार पडला!" बांधावरची माणसं एकमेकांच्या अंगावर चढली. आश्रमातल्या बाबाने मूठभर पांढरी 'सिद्ध भुकटी' पाण्यात ढवळली आणि भर उन्हात तांब्याला घाम फुटला.

"भूमातेचा ताप उतरला!" बाबा गरजला. "हे पाणी बाजरीला शिंपडा, आठ दिवसांत हिरवीगार! मात्र शेणखताचा विटाळ नको. उकिरडे आश्रमात पाठवा, शुद्ध करू."

शुद्ध म्हणे! बारा वर्षं मी माती तपासतोय. असल्यांशी भांडून जीव विटलाय. गप्प घरी जाणार होतो. पण आश्रमाची ट्रॉली थेट माझ्या वहिनीच्या उकिरड्यापाशी लागली. दादा गेल्यापासून त्या दोन एकर रेताड जमिनीवरच तिचं घर चालतं.

"वहिनी, वर्षभराचं खत देऊन टाकताय?"

"भाऊजी, गेल्या पंधरवड्यात बाबाच्या पाण्याने शेजारच्या रानातली पिवळी पडलेली बाजरी हिरवी झाली. डोळ्यांनी बघितलंय मी."

मी तिच्याच कोठीतला युरिया आणला, मूठभर तांब्यात ढवळला. "लावा हात."

तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगंबाई!"

"मी काही सिद्धपुरुष नाही. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. आपण तो कायम कोरडा फेकतो, म्हणून कुणाच्या हाताला हे कळलंच नाही. तोच दळून, वासाला कापूर मिसळून 'सिद्ध भुकटी' म्हटलं की ओळखणार कोण?"

"मग बाजरी हिरवी झाली ती?"

"खरीच झाली. युरियातलं नत्र मिळालं तिला. पण नुसत्या युरियावर रेताड जमीन किती वर्षं तग धरेल? ओल धरायला शेणखत लागतंच. ते पेरणीआधी, युरिया नंतर थोडा थोडा. दोन्ही हवं. बारा वर्षं घसा कोरडा करतोय मी!"

"करत होतात, भाऊजी. पण तुम्ही कधी तांब्या गार करून दाखवला नाहीत."

चूक माझीही होती.

वहिनीने पदर खोचला. "उतरवा रे ते खत! एक पाटीही जाणार नाही!" दोन खेपा मात्र आदल्या दिवशीच गेल्या होत्या. ते खत आता परत येणार नव्हतं. उरलेलं ती फावड्याने एका बाजूला ओढू लागली.

बाबांनो, चमत्काराला नमस्कार करण्याआधी एवढंच विचारा: शेणखत जर इतकं वाईट, तर बाबा ते ट्रॉल्या भरभरून नेतो कशाला?